हार बदलला, पण चार्ज दिला का? सेवा मंडळातील पदबदल समजून घेऊ या

जुलै लागला की गोंदियात पदग्रहण सोहळ्यांचे दिवस सुरू होतात. रोटरी, लायन्स यांसारख्या क्लबांचे वर्षच १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते, म्हणून दरवर्षी याच दिवसांत जुने अध्यक्ष उतरतात आणि नवे बसतात. आपल्या मोहल्ल्यांतल्या वेलफेअर सोसायट्या, नौजवान कमिट्या, तालीमी फंड, मय्यत कमिट्या यांच्याही सभा कधी रमजाननंतर, कधी मार्चचा हिसाब आटोपल्यावर होतात. नवे सदर, नवे सेक्रेटरी, नवे खजिनदार यांची नावे पुकारली जातात. शाल, हार, दोन भाषणे, नाश्ता, फोटो होतो आणि रात्रीपर्यंत मोबाइलवर मुबारकबादचा पाऊस पडतो.

यात वाईट काही नाही. जो माणूस वेळ देतो, पदरचे पेट्रोल जाळतो, त्याचा सत्कार व्हायलाच पाहिजे. पण हार गळ्यात पडला म्हणजे कारभार हातात आला असे होत नाही. या दोन्हींच्या मध्ये बरेच काम असते, आणि ते काम न झाल्यामुळे चांगली चांगली मंडळे बसली आहेत. म्हणून पदबदल म्हणजे नेमके काय, तो दीनच्या नजरेने काय आहे आणि कायद्याच्या नजरेने काय आहे, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

नुकसान कोणाचे होते?

आधी हे पाहू की आपली छोटी मंडळे काय काय सांभाळतात. अकरावी-बारावीच्या मुलींची फी. विधवांचे महिन्याचे रेशन. मय्यत गाडी. कब्रस्तानातली पाण्याची सोय. रक्तदात्यांची यादी, जिच्या भरवशावर रात्री दोन वाजता बाई गंगाबाई रुग्णालयातल्या बाळंतिणीसाठी बाटली मिळते. नागपूरला रेफर केलेल्या पेशंटसाठी गाडीभाडे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या गरीब कुटुंबाला मोठ्या इलाजासाठी आधी गोंदिया आणि मग नागपूर गाठावे लागते. अशा वेळी सरकारी योजनेचा कागद पूर्ण व्हायच्या आत जो आधार लागतो, तो बहुतेकदा मोहल्ल्याचे मंडळच देते.

आता विचार करा. सदर बदलले, पण बँकेत सह्या जुन्यांच्याच राहिल्या. नवे खजिनदार चेक घेऊन गेले तर बँक म्हणते, तुमची सही आमच्याकडे नाही. जुने सदर नाराज आहेत किंवा मुलाकडे पुण्याला गेले आहेत. खात्यात पैसे आहेत, पण काढता येत नाहीत. कॉलेजची फी भरायची तारीख निघून जाते. मुलगी काही बोलत नाही, घरी बसते. दुसरे उदाहरण घ्या. मय्यत गाडी मंडळाच्या पैशाने घेतली, पण घाईत एका सदस्याच्या नावावर केली. त्यांचा इंतकाल झाला. आता गाडी वारसांची की मंडळाची, यावर बोलाचाली सुरू होते, इन्शुरन्स संपतो आणि गाडी उभी राहते. तिसरे उदाहरण याहून साधे आहे. रक्तदात्यांची यादी जुन्या सेक्रेटरीच्या मोबाइलमध्ये होती. मोबाइल बदलला आणि यादी गेली.

या तिन्ही ठिकाणी कोणी चोरी केलेली नाही, कोणाची नियतही खराब नाही. फक्त सोपवणी झाली नाही. आणि भोगले कोणी? सदर साहेबांनी नाही, नव्या कमिटीने नाही. भोगले त्या मुलीने, त्या घराने.

अमानत सोपवणे हा दीनचा हुकूम

सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अल्लाह तआलाने अमानती त्यांच्या हकदारांकडे सोपवण्याचा हुकूम दिला आहे. या आयतीच्या संदर्भात तफसीरमध्ये मक्का विजयाचा प्रसंग सांगितला जातो. काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा (रजि.) यांच्या घराण्याकडे असे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी ती मागवून घेतली, काबा उघडला. ती किल्ली आपल्याला मिळावी अशी इच्छा खुद्द पैगंबरांच्या नातलगांमधून व्यक्त झाली. तरीही पैगंबरांनी ती उस्मान बिन तल्हा यांच्याच हाती परत दिली. किल्ली जवळच्या माणसाला गेली नाही. ज्याची अमानत होती त्याला गेली, आणि तीही सगळ्यांसमोर.

दुसरा धडा हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांचा. शामच्या मोहिमेत ते सेनापती होते, नाव होते, विजय होते. हजरत उमर (रजि.) खलिफा झाल्यावर त्यांनी ती कमान हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्याकडे दिली. हजरत खालिद बाजूला झाले, पण घरी जाऊन बसले नाहीत. नव्या सेनापतीच्या हाताखाली लढत राहिले. आपल्याकडे मात्र सदरपद गेले की माणूस सभेला येणेच बंद करतो, कधी कधी तर नवे मंडळ काढतो. एका मोहल्ल्यात तीन कमिट्या आणि तिन्हींकडे पैसे नाहीत, ही स्थिती अशीच तयार होते.

तिसरा धडा हजरत उमर (रजि.) यांच्या शेवटच्या दिवसांचा. जखमी अवस्थेत त्यांनी पुढचा खलिफा निवडण्यासाठी सहा जणांची शूरा नेमली. मुलगा अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना मशवऱ्यात बसण्याची मुभा दिली, पण पदाचा उमेदवार होण्याची नाही. सदरांचा मुलगा लायक असेल तर त्याला संधी मिळू नये असे आमचे म्हणणे नाही. पण मंडळ वारशाने चालत नसते, मशवऱ्याने चालते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते. सूरह शूराच्या ३८व्या आयतीतही मोमिनांचे व्यवहार आपसातल्या मशवऱ्याने होतात असा त्यांचा गुण सांगितला आहे.

आणि लिहून ठेवण्याबद्दल म्हणाल, तर सूरह बकराची २८२वी आयत पाहा. कुरआनातली ही सर्वात लांब आयत. विषय काय, तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या. ‘आपसात विश्वास आहे, कागद कशाला?’ हे वाक्य आपण दीनदारीच्या नावाखाली बोलतो. पण कागद ही दीनचीच शिकवण आहे.

शाळेत चार्ज कसा देतात

आम्ही शिक्षक मंडळी हे रोज पाहतो. मुख्याध्यापकांची बदली झाली की नुसता निरोप समारंभ होऊन चालत नाही, चार्ज द्यावा लागतो. दाखल-खारीज रजिस्टर, कॅश बुक, डेडस्टॉक रजिस्टर, बँक पासबुक, चेकबुक, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ, कपाटाच्या किल्ल्या, सगळ्याची यादी बनते. देणारा सही करतो, घेणारा वस्तू मोजून सही करतो, प्रत दोघांकडे राहते. खुर्च्या पंचवीस लिहिल्या आणि बावीस निघाल्या, तर तिथेच लिहिले जाते. यात कोणी कोणावर शंका घेत नाही. उलट, जाणारा माणूस मोकळा होतो. उद्या कोणी बोट दाखवले तर त्याच्या हातात सहीचा कागद असतो.

हीच रीत मंडळात आणायची आहे. चार्ज यादी ही जुन्या सदरांविरुद्ध चौकशी नाही, तर त्यांच्या इज्जतीची ढाल आहे, हे आधी सगळ्यांना पटले पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडची बहुतेक सेवा मंडळे संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन कायद्यांखाली नोंदलेली असतात. दुसऱ्या कायद्याला पूर्वी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणत. लोक साध्या बोलीत याला ‘धर्मादायची नोंदणी’ म्हणतात.

या १९५०च्या कायद्याचे कलम २२ प्रत्येक सदर आणि सेक्रेटरीने पाठ करावे असे आहे. विश्वस्त बदलले, पदाधिकारी बदलले, पत्ता बदलला, मालमत्ता वाढली, म्हणजे नोंदवहीत लिहिलेल्या कोणत्याही गोष्टीत बदल झाला, तर तो बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच ‘चेंज रिपोर्ट’ किंवा बदल अर्ज म्हणतात. त्यावर कार्यालय चौकशी करते, कोणाची हरकत असेल तर ऐकते आणि मग नोंद मंजूर करते. ही नोंद ज्या उताऱ्यात दिसते त्याला आपण शेड्यूल वन म्हणतो.

आता खरी गोम इथे आहे. सभेत नवी कमिटी निवडली, हार घातले, पण चेंज रिपोर्ट दिला नाही, तर सरकारी दप्तरात जुनीच नावे राहतात. पाच वर्षांनी एखादे अनुदान, जमीन किंवा खाते यासाठी कागद लागला की उतारा काढतात, आणि त्यात तीन कमिट्यांपूर्वीचे सदर दिसतात, त्यातले दोघे हयातही नसतात. मग मागचे सगळे बदल एकामागून एक नोंदवावे लागतात. जुन्या सभांच्या नोटिसा, ठराव, हजेरीच्या सह्या शोधाव्या लागतात. उशीर माफ करण्यासाठी अर्ज करता येतो, पण वकील, खर्च आणि चकरा चुकत नाहीत. ९० दिवसांत जे काम दोन चकरांत होते, ते नंतर दोन वर्षे घेते.

१८६०च्या कायद्यातही कलम ४ आहे. वार्षिक सभा झाली की तिच्यानंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारी मंडळाची यादी निबंधकाकडे द्यायची असते. छोटी गोष्ट आहे, पण विसरली जाते.

मशीद, दर्गा, कब्रस्तान अशा वक्फ मिळकतींचे मात्र वेगळे आहे. त्या वक्फ कायद्याखाली येतात. मुतवल्लींचा इंतकाल झाला, ते निवृत्त झाले किंवा त्यांना काढले, तर नव्या मुतवल्लींनी तो बदल वक्फ बोर्डाला ताबडतोब कळवायचा असतो. काही ठिकाणी तीच माणसे मशीद कमिटीतही असतात आणि वेलफेअर सोसायटीतही. तिथे दोन संस्था, दोन वह्या, दोन खाती वेगळी ठेवलीच पाहिजेत. एकाच पेटीतून दोन्हीकडचा खर्च करणे म्हणजे पुढच्या कमिटीसाठी भांडण तयार करून ठेवणे आहे.

जकातीचा हिसाब वेगळा सोपवा

आपल्या मंडळांमध्ये एक गोष्ट अशी आहे जी इतर क्लबांत नसते. आपल्याकडे जकात येते, फितरा येतो, सदका येतो, आणि साधी देणगीही येते. जकात कोणाला द्यायची याचे आठ वर्ग सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत ठरवून दिले आहेत. त्या पैशातून ऑफिसचे भाडे, पदग्रहणाचा मंडप किंवा सत्काराची शाल होऊ शकत नाही. म्हणून पदबदलाच्या दिवशी ‘खात्यात एवढे रुपये शिल्लक’ एवढे सांगून भागत नाही. त्यातले जकातीचे किती, सदक्याचे किती, साधारण फंडाचे किती, कोणाला मदत कबूल केलेली आहे, बँकेच्या व्याजाची रक्कम किती, हे वेगवेगळे लिहून द्यायला हवे. नव्या खजिनदाराला हे माहीत नसेल तर तो नकळत जकात चुकीच्या जागी खर्च करेल. देणाऱ्याने फर्ज म्हणून दिलेला पैसा आहे तो. त्याची जबाबदारी मामुली नाही.

पोलिओच्या कामातून काय शिकता येईल?

कोणी म्हणेल, सदर दरवर्षी किंवा तीन वर्षांनी बदलला तर काम कसे टिकेल? एकच खंबीर माणूस वीस वर्षे राहिला तर बरे नाही का? याचे उत्तर आपल्यासमोर आहे.

रोटरीचा अध्यक्ष एक वर्षासाठी असतो, गावच्या क्लबचाही आणि जगाचाही. तरी या संघटनेने १९८५ साली पोलिओ संपवण्याचे काम हाती घेतले. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाला. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रोटरी आणि लाखो सेविका यांनी ते ओढून नेले. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. या कामात आपल्या समाजाचाही भाग आहे. उत्तर प्रदेशात डोसाबद्दल गैरसमज पसरले होते, तेव्हा उलेमा आणि इमाम पुढे आले, मशिदींतून ऐलान झाले, आणि आयांनी दार उघडले.

१९८५ ते २०११ म्हणजे २६ वर्षे. एवढ्या काळात प्रत्येक क्लबमध्ये दरवर्षी अध्यक्ष बदलला. काम मात्र थांबले नाही, कारण ते अध्यक्षाच्या नावावर नव्हते, संघटनेच्या नावावर होते. त्यांच्याकडे पुढचा अध्यक्ष किमान दीड वर्ष आधी निवडतात. तो या काळात शिकतो. आणि जुना अध्यक्ष उतरल्यावर लगेच गायब होत नाही, एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून कमिटीत बसतो. म्हणजे काल, आज आणि उद्या एकाच टेबलाभोवती असतात.

आपल्या समाजातही असे उदाहरण आहे. मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी अंजुमन-ए-इस्लाम सुरू केली. बद्रुद्दीन साहेब पुढे १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, १९०६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. अंजुमन त्यांच्याबरोबर संपली नाही. दीडशे वर्षे झाली, आजही तिच्या शाळा-कॉलेजांत मुले-मुली शिकत आहेत. बानी गेले तरी संस्था चालते, तेव्हाच बानींचे काम पूर्ण झाले असे समजावे.

आपल्या मंडळात काय करता येईल?

फार मोठे काही नाही. खालची कामे कोणतीही कमिटी करू शकते.

१. मंडळाची घटना कपाटातून काढून वाचा. सदरांची मुदत किती, नोटीस किती दिवस आधी द्यायची, कोरम किती, हे त्यातच लिहिलेले असते. नोटीस लेखी काढा आणि तिची प्रत जपा. पुढे हरकत आली तर पहिला प्रश्न नोटिसेचाच येतो.

२. सभेत मार्चअखेरचा हिसाब आणि ऑडिट वाचून दाखवा. वाचायला दहा मिनिटे लागतात. न वाचल्यामुळे होणाऱ्या कुजबुजीला वर्षे लागतात.

३. ठराव प्रोसिडिंग बुकात त्याच दिवशी लिहा, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. जाणाऱ्यांचे राजीनामे आणि येणाऱ्यांची संमतिपत्रे त्याच बैठकीत घेऊन ठेवा. नंतर एकेकाच्या घरी जाऊन सही मिळवणे फार कठीण जाते.

४. चार्ज यादी करा. नोंदणी प्रमाणपत्र, शेड्यूल वनचा उतारा, घटना, पॅन कार्ड, आयकराचे कागद, पासबुक, चेकबुक, पावती पुस्तके, वापरलेली आणि कोरी दोन्ही. गाडीची आरसी आणि इन्शुरन्सची तारीख. किल्ल्या. ई-मेल आणि मोबाइल ग्रुपचे पासवर्ड. रक्तदात्यांची आणि लाभार्थ्यांची यादी. लाभार्थ्यांची नावे मात्र बंद पाकिटात द्या. मदत घेणाऱ्याची इज्जतही अमानत आहे.

५. पावती पुस्तकांचे नंबर जरूर मोजा. बाजारात फिरत राहिलेले एक जुने पुस्तक सगळ्या कमिटीचे नाव खराब करू शकते.

६. बँकेत ठराव देऊन सह्या बदला. एकट्याच्या सहीवर खाते ठेवू नका, निदान दोन सह्या ठेवा.

७. वकिलाला किंवा जाणकाराला गाठून ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट टाका, आणि दाखल केल्याची पोच नव्या फाईलच्या पहिल्या पानावर लावा. अर्ज दिला म्हणजे झाले असे नाही, मंजुरीचा आदेश येईपर्यंत एकाने पाठपुरावा करायचा, त्याचे नाव ठरावातच लिहा.

८. जुन्या सदरांना निदान सहा महिने सल्लागार ठेवा, पण सही आणि हुकूम नव्यांचा. दोन मालक झाले की गाडी चालत नाही.

९. पुढचा सेक्रेटरी आजच शोधा आणि त्याला सोबत फिरवा. धर्मादाय कार्यालयाची खिडकी कोणती, दवाखान्यात कोणाला भेटायचे, कोणत्या घरी मदत गुपचूप पोहोचवायची, हे कागदावर मावत नाही. सोबत फिरूनच कळते.

इथे एक गोष्ट हक्काने बोलतो. आपल्या घरातल्या मुली आज बीकॉम, डीएड, कॉम्प्युटर शिकलेल्या आहेत. हिसाब त्या आपल्यापेक्षा नेटका ठेवतात. मग खजिनदाराच्या जागेसाठी नाव काढताना त्यांची आठवण का येत नाही? मोहल्ल्यातली कोणती विधवा खरोखर अडचणीत आहे, हे बायकांना आधी कळते. कमिटीत दोन बहिणी असल्या तर मदत योग्य घरी जाईल, आणि हिसाबही बसेल.

पद मागू नये, पण आले तर घाबरू नये

हदीसमध्ये पद मागण्यापासून रोखले आहे. न मागता मिळालेल्या जबाबदारीत अल्लाहची मदत मिळते, आणि मागून घेतलेली जबाबदारी माणसाच्याच गळ्यात पडते, अशा अर्थाची शिकवण अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांच्या रिवायतीत आहे. म्हणून सदरपदासाठी गट बांधणे, नातेवाईक आणून हात वर करायला लावणे हे आपल्याला शोभत नाही. पण दुसऱ्या बाजूने, ‘आपल्याला नको रे बाबा भानगड’ म्हणून शिकलेल्या नौजवानांनी पाठ फिरवणे हेही बरोबर नाही. मग उरतो तो एकच थकलेला माणूस, जो वीस वर्षे गाडा ओढतो, आणि त्यालाच आपण खुर्ची सोडत नाही म्हणून नावे ठेवतो. खुर्ची सोडायची तर घेणारा तयार पाहिजे ना!

तेव्हा पुढच्या पदग्रहणाला जाल तेव्हा हार जरूर घाला, मुबारकबाद जरूर द्या. मग नव्या सदर साहेबांना अदबीने एवढे विचारा, ‘चार्ज यादीवर सह्या झाल्या का? चेंज रिपोर्ट कधी टाकताय?’ प्रश्न चार जणांनी विचारला तरी पुरे आहे. पुढच्या वर्षी तो विचारावा लागणार नाही.

अल्लाह तआला आम्हा सर्वांना अमानत घेण्याची आणि वेळेवर सोपवण्याची तौफिक देवो. आमीन.